ब्लूटूथ चालू करा

सभागृहातल्या दोन्ही स्पीकरमधून माझा आवाज आला आणि माणसं हसायला लागली.

"मिठागरात पानी उन्हानं तापतं. पानी उडून जातं, मीठ नाय उडत. मंग मागं ऱ्हायलेलं पानी आनखी मीठ विरघळवंल का? नाय विरघळवनार. त्याचं पोट भरलंय. यालाच पुस्तकात संपृक्त द्रावण म्हनतात."

विभागप्रमुखांनी रेकॉर्डिंग थांबवलं. मागे नेलं. पुन्हा लावलं. पाहुणे पुन्हा हसले.

शिकवण्यात तंत्रज्ञान कसं वापरावं, यावर आमच्या पनवेलच्या कॉलेजात कार्यशाळा होती. बाहेरच्या कॉलेजांतले प्राध्यापक आले होते. मी तिथे रसायनशास्त्र शिकवायचे, तासिका तत्त्वावर. तासिकेवरच्या बाईला अशा दिवशी पाणी वाटायचं काम असतं.

"हा आवाज आमच्या मॅडमचा," ते माइकवर म्हणाले. "या, वर या. लाजताय काय?"

हातात ट्रे होता. तो घेऊनच मी स्टेजवर गेले.

"एम.एस्सी. आहेत. ऐकून वाटतं का? हे शिकवणं आहे का मासळीबाजार? टेक्नॉलॉजी कशी वापरू नये, त्याचा हा नमुना."

टाळ्या पडल्या. तो ट्रे त्यांच्या तोंडावर हाणावा असं वाटलं. दात पडावेत, माइक रक्ताने भरावा. अगदी स्पष्ट दिसलं मला ते. आणि मी काय केलं? खाली उतरले आणि उरलेल्या पाहुण्यांना पाणी दिलं.

माझा बाप दुसऱ्याच्या मिठागरात राबला. त्याच्या टाचांच्या भेगांत मीठ जायचं आणि तो चालताना शिव्या घालायचा. त्या मिठागरावर भराव पडला, आता तिथे द्रोणागिरी वसाहतीची गोदामं आहेत. बाप गेला, मिठागर गेलं, उरली ती बोली. सभागृहातले ते सगळे माझ्या बापाला हसले होते.

रेकॉर्डिंगची कल्पना माझी नव्हतीच. वर्गात करंजा या कोळ्यांच्या गावची एक मुलगी होती. रसायनशास्त्रात मागच्या वर्षी नापास झालेली. या वेळी नापास झाली तर घरी बसवणार होते. ती एकदा जिन्यात मला म्हणाली, "मॅडम, तुमी तासाला पुस्तकासारक्या बोलता. बाहेर बोलता तवा मला कळतं. तसंच मोबाइलात भरून द्या ना."

खोटं नव्हतं. वर्गात मी घाबरून बोलायचे. विभागप्रमुख भिंतीपलीकडे असायचे ना. त्यांचा वर्ग डिजिटल. प्रोजेक्टर लावायचे, इंग्रजी स्लाइड वाचायचे, पोरं मान मोडून उतरवून घ्यायची, निम्मी होते न होते तोच पुढची स्लाइड. पोरांना कळलं का, हे विचारायची सोय त्या मशीनमध्ये नव्हती आणि सरांमध्येही नव्हती.

तेव्हा पोरांच्या हातात स्वस्तातले चायना फोन आले होते. मी खांदा कॉलनीतल्या माझ्या खोलीत खिडकी लावून बसले आणि फोनवर बोलून रेकॉर्ड केलं. छोटे छोटे धडे. घरच्या बोलीत. तास संपला की म्हणायचे, "ब्लूटूथ चालू करा." सगळे फोन बाकावर ओळीने. धडा एका फोनवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून घरी. करंज्याची ती कानात वायर घालून बोंबील वाळत घालायची आणि ऐकायची. मग वर्गात हात वर करायला लागली. प्रश्न विचारायला लागली. मला शिकवता येतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

कार्यशाळेतलं जेवण उरकून विभागप्रमुख थेट माझ्या वर्गावर आले.

"सगळ्यांनी मोबाइल बाकावर ठेवा. मॅडम, एकेकावरचं रेकॉर्डिंग डिलीट मारा. मला दाखवून."

मी जागची हलले नाही.

"बरं. मी मारतो. आणि पुन्हा कोणाकडे सापडलं तर प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत."

पोरांनी मुकाट्याने फोन पुढे केले. पहिला बाक झाला, दुसरा झाला. करंज्याच्या पोरीने फोन मुठीत आवळून धरला.

"मी नाय देनार, सर."

"का गं?"

"मला यातूनच कळतं."

त्यांनी तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. एकेक बोट उलटं उघडलं. पोरगी कळवळली. फोन खाली पडला, बॅटरी एकीकडे, झाकण एकीकडे. त्यांनी त्यावर बूट ठेवला आणि जोर दिला. काच फुटल्याचा आवाज सगळ्या वर्गाने ऐकला.

"आता कळेल," ते म्हणाले.

पोरगी रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

माझा हात आपोआप उठला, असं मी सांगणार नाही. मी उचलला. नेम धरून उचलला आणि त्याच्या कानाखाली वाजवली. इतका वेळ मी त्याला अहो-जाहो करत होते, ते तिथेच संपलं. चष्मा उडाला. त्याने माझे केस धरले आणि डोकं फळ्यावर आपटलं. भुवई फुटली, ओठ फुटला. डोळ्यात रक्त उतरलं. मी त्याच्या मनगटाला चावले आणि तो ओरडेपर्यंत सोडलं नाही. पोरांनी आम्हाला ओढून वेगळं केलं.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये तो गालाला ओला रुमाल लावून बसला होता. मी उभी. माझ्या साडीवर रक्त.

"माफी लिहून द्या, मॅडम," प्राचार्य म्हणाले. "पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचं मग बघता येईल."

"पोरीच्या हाताचं काय?"

"तो विषय वेगळा."

मी कोरा कागद त्यांच्याकडे परत सरकवला आणि टाके घालून घ्यायला गेले.

त्या संध्याकाळी पुन्हा रेकॉर्डिंगला बसले. सगळे धडे, पहिल्यापासून. ओठ सुजलेला, आवाज जड येत होता. तसाच ठेवला. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गावाचं सांगितलं. हसायचं असेल त्याने नीट ओळखून हसावं.

सकाळी गेटवर वॉचमन आडवा आला. "मॅडम, तुमाला आत सोडायचं नाय सांगितलंय." त्याला मान वर करवत नव्हती.

मी आत गेलेच नाही. कंपाउंडच्या भिंतीला खेटून रस्त्यावर उभी राहिले. पलीकडे सायकल स्टँड. पोरं एकेक करून तिथे जमली. करंज्याची पोरगी आली, हाताला फडकं बांधलेलं, दुसऱ्या हातात भावाचा फोन. भिंत वीतभर जाडीची. ब्लूटूथ तिच्या आरपार जातं, हे मला माहीत होतं.

वरच्या गॅलरीत तो उभा होता. मनगटाला पट्टी. खाली उतरला तर पुन्हा हाणायचं, हे ठरलेलं होतं. उद्या यायचं, परवा यायचं, परीक्षा होईपर्यंत रोज यायचं, हेही ठरलेलं होतं. मी पोरांकडे वळले आणि त्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "ब्लूटूथ चालू करा."