एक घास कबुतराचा

हेर बेकरांचं, म्हणजे श्रीयुत बेकरांचं, भरलेलं ताट परत न्यायला मी नकार दिला, तेव्हा माझी प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारी, संपत आली होती. साठच्या दशकातली गोष्ट. जर्मनीतल्या आखन शहरातल्या एका हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत मी शिकत होते. उमेदवारीत नापास झाले असते तर थेट सातारा. तिथे 'आम्ही सांगितलंच होतं' म्हणायला सगळी आळी टपून बसली होती.

हेर बेकर निवृत्त खाणकामगार. मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशन उत्तम झालं, पण ते जेवेनात. नर्स ताट ठेवायची, ते 'नाइन', म्हणजे 'नको', म्हणायचे, ती ताट उचलायची. सगळं नियमानुसार चाललं होतं आणि हेर बेकर नियमानुसार खंगत होते. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, उद्यापासून नाकातून नळी.

वॉर्डच्या मुख्य नर्सला ऑबरश्वेस्टर म्हणतात. त्या संध्याकाळी ताट मी नेलं, हेर बेकर 'नाइन' म्हणाले, आणि आमच्या ऑबरश्वेस्टर हेडविग दारातच उभ्या होत्या.

"पेशंट नको म्हणाले. ताट उचला."

"ते नुसतं तोंडाने म्हणाले."

"मग माणूस आणखी कशाने म्हणतो?"

आता यांना काय सांगणार? आमच्याकडे पहिलं 'नको' रीतीचं असतं, दुसरं संकोचाचं. खरं 'नको' पानावर आडवा हात धरल्याशिवाय कोणी मानत नाही. हेर बेकरांचे हात तर पांघरुणात होते.

मी खुर्ची ओढून बसले. भीती वाटत होतीच, पण आता माघार घेतली तर नळी ठरलेली. म्हातारबुवांनी कबुतरं पाळली होती, त्यांच्याबद्दल ते रोज विचारायचे. मी चमचा भरला. "हा घास पांढऱ्या कबुतराचा."

 त्यांनी तोंड उघडलं.

"हा करड्याचा."

"करडा जास्त खातो," ते म्हणाले. मी चमचा शिगोशीग भरला.

सूप संपेपर्यंत ऑबरश्वेस्टर दारातून हलल्या नाहीत. नळी रद्द झाली. मला वाटलं, आता आपणही रद्द. पण मी पास झाले. शेरा होता, 'हट्टी'. पुढे तिन्ही मजल्यांवरचे न जेवणारे पेशंट माझ्याकडे यायला लागले. त्याला बक्षीस म्हणायचं की शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पास झालेल्या मुलींना ऑबरश्वेस्टरनी कॉफीला बोलावलं. चेरीचा केक होता, वर साय फेटलेली. सकाळपासून मी उपाशी होते. त्यांनी ताट पुढे केलं. मी सवयीने म्हणाले, "नको, नको."

त्यांनी मान डोलावली. ताट पुढे गेलं.

तेव्हापासून मी पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणते. जर्मनीत त्याने कुणाचंच काही अडत नाही. साताऱ्यात मात्र मला हावरट म्हणतात.