पेपरात नसलेली ओळ

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कोणी बंदुकांचा विषय काढला की मी भाताच्या पेंढ्यावर बोलायला लागायचो. आता पंचाहत्तरी उलटली, म्हणून एकदाची लिहून टाकतो.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. रानडुकरं वालाचं शेत उकरून टाकतात, म्हणून शेतराखणीचे परवाने जुने. माझ्याकडे तीन बंदुका. एक वडिलांची, एक चुलत्यांकडून आलेली आणि एक खोपोलीच्या कारखान्यात नोकरीला असताना हौसेने घेतलेली बारा बोअरची. शेजारच्या माझ्या मित्राकडे एकच, आजोबांपासूनची ठासणीची. नळीत दारू भरायची, लोखंडी गजाने ठासायची, मग एक बार. पण काय बार! माझ्या बारा बोअरला डुकरं नुसती मान वर करून बघायची. त्याचा बार दणकला की अख्खा कळप टेकडीपलीकडे.

दसऱ्याला चारही बंदुका माझ्या अंगणात एका पाटावर मांडायचो, झेंडूच्या माळा घालून. माझ्या तीन चकचकीत, त्याची काळीकुट्ट. तो म्हणायचा, "तुझ्या तीन नवऱ्या नि माझी एक सासू. पण घर कोन राखतं, ते बघ."

मग एक दिवस खोपोलीच्या शिळफाट्याला पेपर घेतला आणि बातमी दिसली. दिल्लीत नवा कायदा येतोय, एका माणसाला एकच बंदूक, बाकीच्या जमा करायच्या. खरं सांगतो, माझ्या दोन जाणार याचं दुःख नंतर झालं. आधी छाती धडधडली ती एवढी मोठी बातमी गावात मी नेणार म्हणून. टमटममध्ये मी ती तीनदा वाचली. उतरलो तो थेट देवळाच्या पायरीवर. लोक जमले. मी खड्या आवाजात वाचत होतो आणि दर वाक्याला गलका होत होता. आता तिघींतली कुठली ठेवणार, अशी माझी थट्टाही झाली.

मित्र खांबाला टेकून बसला होता. त्याने विचारलं, "ठासनीचं काय लिवलंय रं?"

काहीच लिहिलं नव्हतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला माहीत नाही हे म्हणवेना. पेपराची घडी घालत मी म्हणालो, "जुन्या ठासणीच्या आधी जाणार. घरात सापडली तर केस."

"तू वाचलंस ना? मग खरं," तो म्हणाला.

मी इतका पेटलो होतो, की दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. अर्ज मीच लिहिला, माझ्या वळणदार अक्षरात: परवाना आणि हत्यार स्वखुशीने जमा करीत आहे. हवालदाराने त्याला विचारलं, एकच आहे ना तुमची, मग घाई कशाला? त्याच्याऐवजी मीच उत्तर दिलं, कायदाच येतोय साहेब. मित्राने अंगठा नव्हे, सही केली, सावकाश, एकेक अक्षर. गज मात्र घरीच ठेवला होता. ती सळई हाय, हत्यार नाय, म्हणाला.

थोड्याच दिवसांत कायदा झाला, तोही एकाऐवजी दोन बंदुकांना मुभा देऊन. ज्याच्याकडे एक होती त्याला धक्काही नव्हता. बातमी मी या वेळी बांधावर एकटा बसून वाचली. ठाण्यात जाऊन विचारलं, तर म्हणाले, परवाना रद्द झाला, आता नव्याने अर्ज, पुन्हा चौकशी, आणि या वयात मिळणं कठीण. मित्राला यातलं काही सांगितलं नाही. तिसरी जमा केली, माझ्या दोन बंदुका शाबूत राहिल्या.

पुढच्या दसऱ्याला मी पाट मांडला. तो आला, गज तेलाने पुसून आणलेला. माझ्या दोन बंदुकांशेजारी ठेवला, त्याला झेंडूचं एक फूल वाहिलं. ओढ्यापलीकडचं त्याचं वालाचं शेत त्या थंडीत डुकरांनी तीनदा उकरलं. त्यानंतर त्याने तिथे काही पेरलं नाही.

यंदा तो अंथरुणाला खिळला, तेव्हा मी रोज जायचो. वाटेत वाक्य जुळवायचो, आत गेलो की पिकापाण्याचंच बोलायचो. शेवटच्या भेटीत गज उशाशी भिंतीला टेकलेला होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "बस. पेपर आनलास ना? वाच काय आलंय ते." मी वाचलं. अक्षरन् अक्षर, आत होतं तेवढंच. तो डोळे मिटून ऐकत होता.

दोन दिवसांनी तो गेला. वाक्य अजून माझ्याकडेच आहे: ठासणीचं पेपरात काही नव्हतं रं. ते मी माझ्या मनाचं बोललो. माझं चुकलं, मला माफ कर.