प्रिय ग्राहक जागेश्वर

जागेश्वरबद्दल कुणीतरी लिहायला हवं, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. ते कुणीतरी मी नव्हे, असंही वाटत होतं. पण वाडीत आमच्या खोल्या शेजारीशेजारी. दुसरं कोण लिहिणार?

तो मूळचा उमरेडचा, हातमागवाल्या घरातला. माग बंद पडल्यावर इथल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात लागला आणि तिथेच म्हातारा झाला. बायको गेली, मूलबाळ नाही. पण त्याचा खरा हुन्नर गोदामात दिसला नाही. तो रुसण्यात होता. नात्यातल्या एकाही लग्नात तो रुसल्यावाचून जेवला नाही. एका ठिकाणी वरण गार होतं म्हणून, दुसरीकडे फेटा दुसऱ्याला आधी बांधला म्हणून.

या वेळी लग्न सख्ख्या भाचीचं, मयुराचं होतं. मुलीला मंडपात आणायचा मान मामाचा, आणि मामा हा एकटाच. रुसायला असा योग पुन्हा कुठून येणार? पत्रिका आली आणि कारणही तिच्यातच छापून आलं. सगळ्यांच्या नावाआधी 'श्री.' होतं, याच्याच नावाआधी राहिलं होतं.

"पाय गा मनोहर," तो मला म्हणाला, "नवरदेवाच्या आतेभावाले श्री आहे, अन् मामाले नाही!"

आमच्याकडे रुसण्याचेही नियम आहेत. रुसलेल्याने फोन उचलला तर रुसवा संपला असं धरतात. मेसेज वाचला तर मात्र मोडत नाही. वाचायचा, तसाच ठेवायचा, आणि मग कुणाकरवी तरी 'पाहू' असं कळवायचं. म्हणून बहिणीचा, तुळजाबाईचा, फोन आला की हा कापायचा आणि लगेच मेसेजची वाट पाहत बसायचा.

मेसेज काही येईना.

"विसरली गा बहीण मले."

"तुझ्या फोनमध्ये मेसेज येतात तरी का?" मी भीतभीत विचारलं.

"येतात म्हंजे! हे पाय."

त्याने बटणांचा फोन माझ्यापुढे धरला. कोपऱ्यात एक पाकीट लुकलुकत होतं. आतले सगळे मेसेज कंपन्यांचे. प्रिय ग्राहक, आपली खास निवड झाली आहे. प्रिय ग्राहक, ही सवलत फक्त आपल्यासाठी. त्याने एकही पुसला नव्हता.

"कंपनी मले प्रिय म्हणते," तो म्हणाला. "घरच्यायले एक श्री जड झाला. अन् पाकीट लुकलुकून राहिलं म्हंजे आणखी येऊन राहिले."

मलाही ते पटलं. मला बऱ्याच गोष्टी पटतात.

हळदीच्या दिवशी दुपारी तुळजाबाई स्वतःच आली. हाताची हळदही धुतली नव्हती.

"काहून गा दादा, मागच्या हप्त्यात रोज एक मेसेज टाकला मी! माफी मागितली, मयुरानं लिहिलं, तुले वाचाले होत नाही?"

"खोटं नको बोलू वं. एक तं दाखव."

तिने आपला फोन उघडून दाखवला. तिच्याकडून सगळे गेले होते. याच्याकडे एकही पोचला नव्हता. दोघंही खरं बोलत होती, त्यामुळे भांडण जास्तच चढलं. मी दुसऱ्यांच्या भांडणात पडत नाही, स्वतःच्याही नाही. पण खाली कामिनीचं मोबाइलचं दुकान आहे, तिला तेवढी वर बोलावली.

तिने फोन हातात घेतला आणि हसलीच.

"काकाजी, हे पाकीट नवीन मेसेज आला म्हणून नाही लुकलुकत. पेटी भरली म्हणून लुकलुकते. आत जागाच नाही. बाईंचा मेसेज दारातच अडकते. कंपनी एक-दोन दिवस वाट पायते, मंग फेकून देते."

"कंपनी फेकते? माह्या बहिणीचा?"

"कंपनीले का माहीत कोनाची बहीण? जुने काढा लागन. हा काढू?"

"तो नको. त्यात दिवाळीच्या शुभेच्छा आहेत."

"हा?"

"त्यात कर्ज मंजूर झालं आहे."

"घेतलं का कर्ज?"

"नाही. पण मंजूर तं झालं!"

तुळजाबाई पुढे झाली. "दादा," ती म्हणाली, "उद्या मयुरा मंडपात कोनाच्या हातानं येईन? तुह्या कंपनीच्या?"

जागेश्वरने भिंतीकडे तोंड केलं. "सगळे काढ वं पोरी. मी पायत नाही."

कामिनीने बटण दाबलं. फोन लगेच वाजला. जागेश्वर गर्रकन वळला, आम्ही सगळेच वाकलो. प्रिय ग्राहक, आपल्यासाठी आनंदाची बातमी.

"बाईंचे आधीचे आता येत नाहीत," कामिनी म्हणाली. "ते गेले."

तेव्हा तुळजाबाई त्याच्याच खाटेवर बसली आणि पिवळ्या बोटाने एकेक अक्षर शोधत लिहू लागली. तिच्या फोनपासून त्याच्या फोनपर्यंत हातभर अंतर होतं. तेवढं कापायलाही मेसेजने वेळ घेतला. 'श्री. जागेश्वर दादा, उद्या ये.'

त्याने तो वाचला. पुन्हा वाचला. मग शेजारी बसलेल्या बहिणीकडे न पाहता मला म्हणाला, "मनोहर, तिले सांग, पाहू म्हणावं."

मी सांगितलं. तोवर त्याने खाटेखालची पेटी ओढून लग्नाचा सदरा बाहेर काढला होता.

मयुराला त्यानेच मंडपात आणलं. जेवताना रुसला, ते वेगळं. आता तो माझ्यावरही रुसला आहे. कामिनीला वर बोलावून मी त्याच्या दिवाळीच्या शुभेच्छा घालवल्या, असं त्याचं म्हणणं. भिंत एकच आहे, पण नियम मोडायचा नाही म्हणून मी मेसेज टाकला आहे. तिकडे पाकीट पुन्हा लुकलुकायला लागलं आहे, असं कामिनी सांगते.