गोलमध्ये उभा केलेला फॉरवर्ड

“पॅड्स तुझ्या मापाचे आहेत का, हा प्रश्नच नाही,” कोच म्हणाला. “पंधरा मिनिटांत चढतील का तेवढं सांग, सॅम.”

ही साधारण दोन हजार पाच-सहाची गोष्ट. कॉव्हेंट्रीत मी आइस हॉकी खेळून पोट भरत होतो. सीझनची शेवटची मॅच. आम्ही ३-२ने पुढे, आणि दुसऱ्या ब्रेकला आमच्या गोलीची, म्हणजे गोलकीपरची, मांडी आखडली. राखीव गोली तापाने घरी. उरलो मी.

मी फॉरवर्ड, म्हणजे गोल करणारा. पण दहा वर्षांत डावीकडे, उजवीकडे, मध्ये, अगदी डिफेन्सलाही खेळलो होतो. त्याच आठवड्यात कोचने ऐकवलं होतं, “तू सगळीकडे चालतोस, म्हणून तुझी पक्की जागा कुठेच नाही. पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट बघू.” चौतिशीतल्या खेळाडूला ‘बघू’चा अर्थ बरोबर कळतो.

पॅड्स चढले. पक, म्हणजे ती रबराची चकती, मी छातीने अडवली, गुडघ्याने अडवली, एकदा तर पाठीने. मला चक्क मजा यायला लागली. तिथेच घात झाला.

शेवटची वीस सेकंदं. समोरच्या टीमने गोली काढून जास्तीचा फॉरवर्ड आणला. नेमकी पक माझ्या स्टिकवर आली. पुढे मोकळा बर्फ, पलीकडे रिकामा गोल. दहा वर्षांची सवय! मी आनंदाने ओरडत सुसाट निघालो.

तेवढ्यात स्टँडमधून आईचा आवाज आला. “अरे समीर, तू गोली आहेस! लाल रेघ!”

माझी हाडं मोडतील या धास्तीने आईने सगळे नियम पाठ केले होते. मधली लाल रेघ ओलांडून गोलीने पक खेळली, की टीमला दोन मिनिटांची पेनल्टी. मी वीतभर अलीकडे करकचून थांबलो आणि जमेल तशी पक ढकलली. ती रमतगमत गेली आणि पोस्टला लागून बाहेर. समोरचे सगळे पकच्या मागे धावले, मी माझ्या गोलकडे पळताना दोनदा आपटलो, आणि हूटर वाजला.

जिंकलो! पॅड्ससकट मी बर्फावर लोळून घेतलं.

“ती बाई काय ओरडली?” कोचने नंतर विचारलं.

“माझी आई. मी कोण आहे ते सांगत होती.”

“पुढच्या वर्षीही तिला आण,” तो म्हणाला. “तूही ये.”

कॉन्ट्रॅक्टवर ‘पोझिशन’ची जागा त्याने कोरीच ठेवली होती. सगळं जमणाऱ्या माणसाने घराबाहेर पडताना आज आपण कोण आहोत, ते आईला विचारून घ्यावं.