बंद दाराआडचा गारवा

आमच्याकडे एसी आला तो चैनीसाठी नाही, आईसाठी. मागच्या उन्हाळ्यात वाशीमच्या बाजारात भाजी विकता विकता तिला ऊन लागलं आणि ती तिथेच कोसळली. तीन दिवस सलाईनवर होती. दुपारी बारा ते चार हिला गारव्यात ठेवा, पुन्हा असं झालं तर भरवसा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या शब्दांची मला अजून धास्ती वाटते.

मी कचेरीत नोकरी करते. आईबाबा शहराला लागून असलेल्या वावरात भाजीपाला काढतात. यंदा ऊन तापायच्या आधीच मी ओट्यावर दार उघडणाऱ्या आईच्या खोलीत एसी लावून घेतला. आतलं यंत्र पलंगासमोर, बाहेरचं मागच्या भिंतीला. खोली गार झाली की हे आपोआप मंदावतं आणि वीज कमी खातं, असं दुकानदार म्हणाला. मी घरी येऊन तेच सगळ्यांना शिकवलं. शिकवायची मला खोडच आहे.

पण यंत्र काही केल्या मंदावेना. पहिल्या आठवड्यातच मी दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं. त्याचा माणूस सकाळीच येऊन तपासून गेला, यंत्र ठणठणीत होतं. मग दुपारी बाबा मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज ऐकून पाणी किती उरलं ते सांगणारा माणूस.

"हे दम नाही घेऊन राह्यलं," ते म्हणाले. "आत गरम हवा येऊन राह्यली कुठून तरी."

आत जाऊन पडदा सरकवला तर खिडकी सताड उघडी. आई शांतपणे म्हणाली, "कूलरले खिडकी उघडी लागते ना? म्हनून मीच उघडतो रोज."

तिचं काय चुकलं? कूलर लावून खिडकी बंद केली तर खोलीत नुसती चिकचिक होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सगळं शिकवलं आणि नेमकं खिडकीचं सांगायचं मीच विसरले होते.

मग बाबांनी सूत्रं हातात घेतली. खिडकी बंद, दाराच्या फटीला गोणपाट, एसी सव्वीसवर आणि पंखा हळू. अर्ध्या तासात यंत्राचा आवाज खाली आला. बाबा इतके खूश की कोणी दार उघडलं रे उघडलं, "आधी दार लाव, मंग बोल." मलाही वाटलं, झालं एकदाचं काम.

त्या शनिवारी मी भर दुपारी घरी आले, तर आई बाहेर ओट्यावर, टिनाच्या छपराखाली, सांबाराच्या जुड्या बांधत बसलेली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. माझा ताबा सुटला.

"मरायचं हाय का तुले?"

तिने हातातली जुडी बांधून खाली ठेवली. "दार लावलेलं दिसलं का बाया वापस जातात. चार दिवस झाले, कोनी आलं नाही. मले आत कोंडल्यावानी होते."

आमच्या गल्लीत दिवसा दार लावत नाहीत. लावलं तर घरचे गावाला गेले, नाहीतर आत भांडण चालू आहे, असं लोक धरून चालतात. आणि दुपारी तीन-चार शेजारणी आपापला भाजीपाला घेऊन आमच्याच दाराशी जुड्या बांधायला जमत. आईला गारवा द्यायच्या नादात आम्ही तिची माणसं तोडली होती.

दुसऱ्या दिवशी रविवारी बाबा स्वतः घरोघरी जाऊन सांगून आले, "आजपासून जुड्या आत बांधायच्या. फक्त मागून दार लावून घ्या."

चौघी आल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला भाजीपाला घेऊन. इतकी माणसं, इतका ओलावा, येता-जाता दाराची उघडझाप. यंत्र आता कसलं मंदावतं, असं मी पुटपुटले. बाबांनी ऐकलं.

"धावू दे त्याले. कोनासाठी आनलं आपन?"

आत गप्पांना ऊत आला. कोणाच्या तरी लग्नातल्या बिनमिठाच्या वरणावर आई खळखळून हसली. मग बोलता बोलता, हातात अर्धी जुडी तशीच धरून, ती झोपी गेली. सगळ्यात वयस्कर शेजारणीने ती जुडी अलगद काढून घेतली, बांधली आणि आईच्याच ढिगावर ठेवली. बाकीच्यांचे आवाज आपोआप खाली आले.

"झोपू दे तिले," ती म्हातारी मला हळूच म्हणाली. "मांगच्या साली पडली तवापासून एकटी डोये मिटाले भेते तुही माय. आपन उठलोच नाही तं, म्हनते. तुले नाही सांगितलं?"

मला नव्हतं सांगितलं. आई उठेपर्यंत मी तिच्या पायाशी बसून राहिले.