एदुविना बाहेर बसते

एदुविना कार्कामो पहिल्यांदा माझ्या नजरेत भरली ती मुलाला शाळेत घालायला आली तेव्हा. मी तिथे शिकवायचे. मुलाला विचारलं, "नाव काय रे तुझं?"

"एर्विन," ती म्हणाली.

"आणि खायला काय आवडतं?"

"बटाट्याची भाकरी, बाई. गरम, चरबीत तळलेली."

मुलगा माझ्याकडे बघून नुसता हसला. आमच्या बेटावर थोरली बाईच घरातर्फे बोलते. पाहुण्याच्या हातात माते, म्हणजे आमचा कडवट पानांचा चहा, देणारी ती आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारीही तीच. एदुविना हे जरा जास्तच मनापासून करायची. नवऱ्याचा दात दुखला तरी कुठला दुखतोय ते डॉक्टरला हीच सांगणार.

एर्विन मोठा झाला, दक्षिणेला समुद्रात सॅमन मासे पाळतात त्या पिंजऱ्यांवर कामाला लागला आणि पुएर्तो मोन्त शहरातली यास्ना त्यानं बायको करून आणली. तो महिन्यातून चार दिवस घरी असायचा. बाकीचे दिवस घरात सासू आणि सून. यास्नाला दिवस गेले तशी ती गप्प गप्प राहू लागली. एदुविनानं तिच्यासाठी शिंपल्यांचं कालवण करावं आणि तिनं ताटलीकडे बघत बसावं.

महिन्यातून एकदा दवाखान्याची लाँच येते. त्या दिवशी मी रक्तदाब तपासून घ्यायला दवाखान्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. भिंत फळ्यांची, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. कास्त्रो शहरातून येणारी मिरेया नावाची शिकलेली सुईण गरोदर बायकांना पोटाइतकंच मनाचंही विचारायची.

"यास्ना, या आठवड्यात कशाचं हसू आलं का ग?"

"ती? दिवसभर खिदळत असते!" एदुविनाचा आवाज.

"रडू येतं का?"

"कांदा चिरताना येतं. माझे कांदे तिखट आहेत."

बाकावरच्या आम्ही सगळ्या हसलो. आत मिरेयाही हसली असावी. बाहेर बायकांची रांग होती आणि लाँचला ओहोटी लागायच्या आत निघायचं होतं. यास्नाचा आवाज काही मला ऐकू आला नाही.

एदुविनाला सुनेचं रडणं माहीत नव्हतं असं नाही. रोज पहाटे पलीकडच्या खोलीतून ते तिच्या कानावर येत होतं. पुढे एकदा माझ्या ओट्यावर बटाटे सोलताना तिनंच हे सांगितलं. "खरं सांगितलं असतं तर तिला कास्त्रोच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं असतं, बाई. आणि कार्कामोच्या घरात सून रडते, हे बेटभर झालं असतं. मला वाटलं, बाळ झालं की होईल सगळं ठीक."

सातव्या महिन्यात एका सकाळी यास्ना ओहोटीला शिंपल्या गोळा करायला गेली. भरतीचं पाणी चढू लागलं, बाकीच्या बायका टोपल्या घेऊन वर आल्या. यास्ना खडकावर बसूनच राहिली. एदुविनानं बटाट्याच्या वाफ्यातून ते पाहिलं आणि ती फावडं टाकून धावली. तिच्यापर्यंत पोहोचली तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं.

"उठ ग पोरी, पाणी आलं!"

"येऊ दे, आई."

एदुविनानं तिला ओढत काठावर आणलं. मग लाँचची वाट न बघता शेजाऱ्याची होडी काढायला लावली आणि तशाच ओल्या कपड्यांनिशी दोघी कास्त्रोच्या दवाखान्यात पोहोचल्या. तिथे मिरेया होती. तिनं यास्नाला आत घेतलं, सासूसाठी खुर्ची ओढली. एदुविना दारातच थबकली.

"तुम्ही नाही येत आत?"

"नको. मी आत आले की ती बरी असते."

दार लागलं. मग यास्ना बोलू लागली आणि किती तरी वेळ बोलतच राहिली. बाहेर एदुविना स्कर्टचं पाणी पिळत उभी होती.

यास्नावर उपचार झाले. मुलगी झाली, तीही ठणठणीत. एर्विननं कास्त्रोत काम धरलं आणि तिघं तिकडेच राहिली. सासूला कुणीच बोल लावला नाही, यास्नानं तर नाहीच. "एकदा तरी मला शिव्या घाल म्हणावं तिला," एदुविना मला म्हणते.

आता लाँच येते त्या दिवशी ती किटली आणि भाकऱ्या घेऊन दवाखान्याच्या बाकावर येऊन बसते. सुनेच्या मागे आत शिरणाऱ्या सासूचा हात धरते.

"अहो, सोडा! तिला काही सांगता येत नाही!"

"म्हणूनच इथे बस. घे, माते घे. तुझ्या गुडघ्याचं सांग मला, ते तुझं तू सांगू शकतेस."

महिन्यातून एकदा ती नातीला बघायला कास्त्रोला जाते. यास्ना राहायचा आग्रह करते, पण एदुविना उतरते तिथल्याच आपल्या बहिणीकडे.