पहारवाले अप्पा

लग्नाला गेले की अप्पा आधी मांडवात शिरत नसत. गाड्या लावलेल्या मोकळ्या जागेत जात. नवी गाडी दिसली की ड्रायव्हरला विचारत, "हिच्या बॉनेटचा खटका कुठंय? उजवीकडं का डावीकडं?" ड्रायव्हर बावचळून बॉनेट उघडून दाखवी. मग अप्पा वाकून पुढचं लॉक, तिथवर आलेली तार, बॅटरीची जागा असं सगळं बघून घेत. मांडवात अक्षता वाटायला लागल्या की त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना, कुणाला तरी त्यांच्या शोधात धाडावं लागे. पांढऱ्या सदऱ्यावर ग्रीसचा डाग घेऊनच अप्पा पंगतीला बसत.

आमच्या तालुक्याच्या अग्निशमन ठाण्यात अप्पा टोळीचे प्रमुख होते. निंबर्ग्याचे, लिंगायत घरातले. घरी कन्नड, ठाण्यात मराठी आणि राग आला की दखनी उर्दू. मी कमलनगरकडचा, बौद्ध घरातला. रुजू झालो त्या दिवशी त्यांनी ना माझं आडनाव विचारलं, ना घराणं. हातात लोखंडी पहार दिली आणि म्हणाले, "ही आडवी धरून किती वेळ उभा राहतोस बघू, तम्मा." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. हात भरून आले तरी मी पहार खाली ठेवली नाही. तेव्हापासून मी त्यांचा तम्माच राहिलो.

आगीत सगळ्यांत लबाड आग कोणती, तर गाडीच्या इंजिनातली, असं त्यांचं मत होतं. गवताची गंजी समोर पेटलेली दिसते. ही पत्र्याखाली लपते. घाबरलेला मालक धावत येतो, बॉनेट वर करतो, आणि आत कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळून भडका थेट तोंडावर येतो. एकदा एका जीपवाल्याचा हात बॉनेटवर पडणार तेवढ्यात अप्पांनी त्याची कॉलर धरून त्याला मागं ओढलं होतं. तो चिडला, "माझी गाडी जळायलीय अन् तुम्ही मलाच ओढायलाव?"

"गाडी तुझी हाय, तोंड पण तुझंच हाय," अप्पा म्हणाले. "आगीला दार न्हाई द्यायचं. फट द्यायची. आपल्या पाण्यापुरती."

ही फट कशी करायची ते त्यांनी आम्हाला एका भंगारवाल्या चाचांच्या आवारात शिकवलं. सुट्टी असली की अप्पा आम्हाला तिकडं नेत. काचेकडच्या कोपऱ्यात पहार घालायची, पत्रा वीतभर उचलायचा, तिथून पाण्याचा फवारा आत सोडायचा. फट करता आली नाही तर पुढच्या जाळीतून, नाहीतर चाकाच्या वरच्या पोकळीतून. आग बसल्यावरच बॉनेट उघडायचं. आतला खटका ओढून उपयोग नसेल, तार जळाली असेल, तर पुढची जाळी फोडून तारेचं टोक पक्कडीत धरायचं आणि पिळून ओढायचं. आणि काही झालं तरी बंपरच्या समोर उभं राहायचं नाही. चाचा खाटेवर बसून चहा पीत आणि ओरडत, "अरे अप्पा, मेरा भंगार तो भंगार रहने दो!"

अप्पांना राग यायचा तो मोबाइल धरून उभ्या राहणाऱ्यांचा. पण ते त्यांच्याशी भांडत बसत नसत. सगळ्यांत पुढच्या माणसाच्या हातात दोराचं टोक देत आणि सांगत, "हितं उभा ऱ्हा. तुझ्याम्होरं एकबी माणूस आला तर तू जबाबदार." मोबाइल आपोआप खिशात जाई.

मुडबीच्या अलीकडे झालेला तो अपघात मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. भर दुपारची वेळ. आम्ही पोहोचलो तेव्हा एक गाडी रस्ता सोडून चिंचेच्या झाडावर आदळलेली होती. बॉनेट मधोमध दुमडलेलं, कडांमधून जाळ निघत होता. गाडी चालवणारी नर्सबाई आत अडकली होती. तिचा पाय वाकलेल्या ब्रेकच्या पेडलखाली सापडला होता. लोकांनी माती टाकून पाहिली होती, दारही उघडलं होतं, पण पाय निघत नव्हता. आग इंजिनाच्या बाजूनं आत सरकत होती.

अप्पांनी धावत धावतच कामं वाटली. एकानं चाकांना दगड लावले. दुसऱ्यानं बाईंवर ओली घोंगडी टाकली आणि पाण्याचा बारीक फवारा धरला. मी मोठी नळी घेऊन गाडीच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. अप्पांनी दारातून हात घालून खटका ओढला. तो नुसताच सैल हातात आला.

"तार गेली," ते म्हणाले.

मागून लोक ओरडत होते, "बॉनेट उघडा ना, कामून थांबलाव!" बाईंनी अप्पांची बाही धरली. "अण्णा, मला सोडून जाऊ नका."

"मी कुठं जायलोय, ताई?" अप्पा म्हणाले. "माझी पहार हितंच हाय. तू फकस्त तोंड झाकून घे."

त्यांनी काचेकडच्या कोपऱ्यात पहार घातली. पत्रा चुरगळलेला, टोक घुसेना. दुसऱ्यांदा घातली, घसरली. तिसऱ्यांदा त्यांनी अंगाचा सगळा भार दिला आणि पत्रा करकरत वर आला. "मार, तम्मा!" मी नळीचं तोंड फटीत खुपसलं. काळा धूर पांढरा झाला, वाफेनं समोरचं काही दिसेना. पुढं बघत अप्पा मला सारखे सांगत होते, "हलू नको. हलू नको." हळूहळू जाळ बसला.

पण इंजिन अजून धुमसत होतं, आणि बॅटरी तोडल्याशिवाय पुन्हा पेट घ्यायची भीती होती. अप्पा बाजूनं पुढं सरकले, जाळी फोडली, तारेचं टोक पक्कडीत पिळलं. लॉक सुटलं, तरी दुमडलेलं बॉनेट हलेना. पहारीनं ते उचकटताना बॉनेट वर धरणारी गॅसची दांडी, आगीत तापलेली, फाटकन सुटली आणि अप्पांच्या उजव्या हातावर बसली. त्यांनी डावा खांदा बॉनेटखाली घातला आणि मला म्हणाले, "आधी काळी वायर तोड. माझ्याकडं नंतर बघ." मी वायर तोडली. दुसऱ्यानं कटरनं पेडल कापलं. बाई बाहेर आल्या. त्यांना रुग्णवाहिकेत घातल्यावरच अप्पा खाली बसले.

बाईंचा पाय वाचला. अप्पांच्या उजव्या हाताची बोटं मात्र मिटेनात. ठाण्याच्या साहेबांनी आपुलकीनं सांगितलं, आता ठाण्यातला फोन सांभाळा. अप्पा म्हणाले, "सांभाळतो साहेब, पण हात तयार होईपर्यंतच." कुणालाच ते खरं वाटलं नाही. मलाही नाही.

मग ते रोज सकाळी एकटेच चाचांच्या आवारात जाऊ लागले. डाव्या हातात पहार, उजव्या कोपरानं रेटा. सुरुवातीला पहार पायावर पडायची. अक्का वैतागून मला म्हणाल्या, "भाकरी मोडता येईना अन् पहार धरायलाय. तू तरी सांग की रे." मी सांगायला गेलो तर अप्पा घामानं निथळत एका गंजलेल्या बॉनेटशी झुंजत होते. मला बघून म्हणाले, "सांगायला आलास का धरायला आलास?" मी गाडीची दुसरी बाजू धरली. पावसाळा सरता सरता एके दिवशी त्यांनी एकट्यानं कोपरा उचलला. भंगारासाठी नेहमी कुरकुरणारे चाचा खाटेवरून उठले आणि त्यांनी अप्पांना मिठी मारली. साहेबांसमोर करून दाखवल्यावर अप्पा पुन्हा बंबाच्या गाडीवर आले आणि निवृत्त होईपर्यंत गाडीवरच राहिले.

निवृत्तीनंतर ते शेतात रमले. मागच्या उन्हाळ्यात तिथंच, बांधावर बसल्या जागी गेले. निंबर्गा आमच्याच हद्दीत, म्हणून साहेबांनी ड्यूटीवरच्या टोळीला गाडीसकट जाऊ दिलं. शेतात खड्डा खणून झाला होता. लिंगायतांच्या रीतीनं अप्पांना बसवून, फुलं घालून, खांद्यावर आणत होते. मी पुढं होऊन खांदा दिला, आणि तेवढ्यात ठाण्यातून फोन आला. आळंदच्या रस्त्यावर गाडी पेटली होती, आत माणसं होती.

मी अक्कांकडं पाहिलं. त्यांनी हातानंच, जा म्हणून खुणावलं. मी खांदा दुसऱ्याला दिला.

परत आलो तेव्हा ऊन कललं होतं. माती लोटून झाली होती, वर विभूती आणि बेलाची पानं होती, पाहुणे पांगले होते. अक्का समाधीशेजारी बसून होत्या. आमच्या अंगाला जळक्या रबराचा वास येत होता. जवळ जावं की नको, कळेना.

"किती होते आत?" त्यांनी विचारलं.

"नवरा-बायको अन् लेकरू. तिघं."

"निघाले?"

"व्हय, अक्का. तिघंबी."

त्यांनी समाधीकडं वळून हलक्या आवाजात कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. मग पदरानं डोळे पुसले, गुडघ्यावर हात रोवून उठल्या आणि म्हणाल्या, "हात धुवा सगळे. जेवून जावा."